संशोधक वर्गात येऊ म्हणतायत, हो म्हणावं का? माझं उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विद्यापीठातले काही लोक तुमच्या केंद्रातल्या गणिताच्या शिक्षकांसोबत दोन वर्षं काम करू म्हणायलेत, महिन्यातून दोनदा वर्गात बसणार, पोरांशी बोलणार, मग तुमच्याशी बसून चर्चा. आणि तुम्हाला वाटतंय की आजवर इतकी प्रशिक्षणं झाली, हॉलमध्ये बसून चहा-बिस्किटं झाली, वहीत काही उतरलं नाही, मग हे अजून एक कशाला. वरून वर्गात बसून आपल्याच चुका लिहून नेल्या तर?

हो म्हणा. पण अटी घालून म्हणा, त्या अटी खाली सांगतो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात झेडपीच्या शाळांवर २७ वर्षं काढली, बहुतेक काळ द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे एका वर्गात दोन इयत्ता अन् मधीच खिचडीचा हिशोब. त्यातली साडेतीन वर्षं संशोधकांसोबत काम केलं. आणि त्याच्या आधी एकदा फसलो पण आहे, म्हणून आधी ते सांगतो.

एका संस्थेचे लोक आले होते, नाव घेत नाही. तीन दिवस राहिले. प्रश्नावली होती चाळीसेक प्रश्नांची, कुठल्या तरी भाषेतून मराठीत आणलेली, त्यात एक प्रश्न असा होता की "आपण संख्याबोधाच्या आकलनाचे मूल्यमापन कोणत्या प्रतिमानाद्वारे करता?" आम्ही चौघा शिक्षकांनी एकमेकांकडं बघितलं अन् सगळ्यांनी "निरीक्षणाद्वारे" लिहून टाकलं. पोरांची चाचणी घेतली, पेपर घेऊन गेले, तो रिपोर्ट आजतागायत आला नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना काय येत नव्हतं हे त्यांना कळलं, मला नाही कळलं. ह्याला भागीदारी म्हणत नाहीत, बटईनं शेत द्यायचं अन् माल सगळा समोरच्यानं न्यायचा असा प्रकार झाला तो.

आता दुसरी वेळ. एक ताई आल्या, गणित शिक्षणात पीएचडी करत होत्या. पहिल्या महिन्यात त्यांनी आम्हाला काहीच शिकवलं नाही, म्हणून आमचे एक सर म्हणाले पण की ह्या बाई नुसत्या मागं बसून काय करायल्यात. तिसरीचा वर्ग होता, हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर ५२ − २७. तिघा-चौघांचं उत्तर ३५ आलं. मी नेहमीसारखं लाल पेन मारलं, "हातचा विसरलात" म्हणलं अन् दहा उदाहरणं अजून दिली. ताई एका पोरीजवळ जाऊन खाली बसल्या अन् म्हणल्या, तू हे कसं केलंस मला सांगते का. ती म्हणली, "दोनातून सात जात नाहीत की. सर म्हणलेत मोठ्यातून लहान वजा करायचं. मग मी सातातून दोन काढले, पाच. पाचातून दोन, तीन."

सर म्हणलेत! आणि खरंच मीच म्हणलो होतो, दुसरीत, दहावेळा. तिथं ते वाक्य चालत होतं कारण तिथं सगळी उदाहरणं बिनहातच्याची. ते वाक्य पोरीनं प्रामाणिकपणे तिसरीत आणलं अन् मी तिला त्याबद्दल लाल पेन मारत होतो.

मग ताई दुसऱ्या पोराजवळ गेल्या, त्याचं पण उत्तर ३५ च. तो म्हणला, "दोनातून सात जात नाहीत, मग शेजारून एक घेतला, बारा झाले, बारातून सात गेले पाच. मग पाचातून दोन गेले तीन." म्हणजे ह्याला दशक सुटा करायचं कळलं होतं, फक्त पाचाचे चार झाले हे तो विसरला. उत्तर दोघांचं ३५, पण दुखणं वेगळं. मी दोघांना एकच औषध देत होतो, दहा उदाहरणं.

पुढं त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला वीस वर्षांत सुचली नव्हती. म्हणल्या सर, ह्या उदाहरणात दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात, एक आकडा बदलून बघू. ५३ − २७ द्या. आता जो मोठ्यातून लहान काढतो त्याचं उत्तर येणार ३४, जो दशक कमी करायला विसरतो त्याचं येणार ३६, आणि बरोबर उत्तर २६. म्हणजे वहीवर नुसती नजर टाकली तरी कळतं कोणाचं काय बिघडलंय. त्या दिवशी मी पहिल्यांदा उदाहरणातले आकडे विचार करून निवडले, नाहीतर तोंडाला येईल ते फळ्यावर लिहायचो. नंतर त्यांच्याकडून कळलं की वजाबाकीच्या अशा चुकांची यादीच अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन नावाच्या दोघांनी १९७८ साली मांडली होती, चूक म्हणजे दुर्लक्ष नसतं, पोरगं एक चुकीचा नियम अगदी नेमानं पाळत असतं, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत होतो तेव्हाचं संशोधन हे, अन् माझ्यापर्यंत पोचलं नोकरीला वीस वर्षं झाल्यावर, तेही एक बाई माझ्या वर्गात जमिनीवर बसली म्हणून.

म्हणून म्हणतो मॅडम, प्रशिक्षणात अन् ह्याच्यात फरक काय, तर प्रशिक्षणात बोलणं शिक्षकाबद्दल असतं, ह्याच्यात पोराच्या वहीबद्दल असतं. तुमच्या चुका लिहून नेतील ही भीती मलाही होती. पण तिथं चर्चा "सरांनी काय केलं" अशी नव्हतीच, "पोरानं काय केलं अन् कामून केलं" अशी होती. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागं उभं राहून बघतात, त्याला ते जुग्यो केंक्यू म्हणतात, तिथंही बघणाऱ्यांची नजर शिकवणाऱ्यावर कमी अन् पोरांवर जास्त असते. आम्ही आमच्या शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी त्याची गावठी आवृत्ती करायचो, चार शाळांच्या वह्या सतरंजीवर मांडून गठ्ठे लावायचे, हा मोठ्यातून-लहानवाल्यांचा, हा विसरभोळ्यांचा, हा काहीच न कळलेल्यांचा. एका गठ्ठ्याचं आम्हाला कोडं सुटेना, दशक वरच्या आकड्यात कमी करायच्या ऐवजी ही पोरं खालच्या आकड्यात एक मिळवत होती अन् उत्तर मात्र बरोबर. मग एका पोरानं सांगितलं, "आजोबानं शिकवलं". जुन्या लोकांची रीत ती, वरच्यात दहा वाढवले तर खाली एक दशक वाढवायचा, फरक तोच राहतो. आम्ही ते चूक म्हणून खोडत होतो, ह्याची लाज वाटली जरा.

आता बरोबरच्या चिन्हाची गोष्ट. ८ + ४ = ▢ + ५ हे सहावीला देऊन बघा, आजच द्या. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात फॉकनर नावाच्या एक प्राथमिक शिक्षिका अन् लेव्ही आणि कार्पेंटर हे संशोधक, ह्यांनी मिळून १९९९ मध्ये लिहिलंय की सहावीच्या १४५ मुलांना हे दिलं, तर एकानेही ७ लिहिलं नाही, सगळ्यांनी १२ किंवा १७. लिहिणाऱ्यांत पहिलं नाव वर्गशिक्षिकेचं आहे हे लक्षात घ्या, प्राध्यापकांचं नंतर.

माझ्या वर्गात पण तेच झालं. पण पोरांशी बोलल्यावर एक गोष्ट निघाली जी तिकडच्या लेखात असणं शक्यच नाही. आपण ते चिन्ह वाचतो कसं? "आठ अधिक चार बरोबर बारा." अन् आपल्याकडं बरोबर म्हणजे काय? उत्तर चूक की बरोबर मधलं बरोबर. एक पोरगं म्हणलं की "सर, बरोबरच्या पुढं जे बरोबर असतं ते लिहायचं." झालं की! शब्दानंच घात केला होता. मग आम्ही महिनाभर "तितकंच" म्हणून वाचलं. आठ अधिक चार हे तितकंच आहे जितकं सात अधिक पाच. किराणा दुकानाचा जुना तराजू आणला, आणि फळ्यावर १२ = ८ + ४, ७ = ७, ८ + ४ = ७ + ५ अशी वाक्यं लिहून खरं का खोटं एवढंच विचारायचं. ७ = ७ ला अर्धा वर्ग खोटं म्हणायचा, "सर, ह्यात गणित कुठंय?" "तितकंच" ही युक्ती ताईंची नाही, आमची. त्यांनी ती त्यांच्या प्रबंधात घेतली अन् आमची नावं विचारून लिहिली.

हे मुद्दाम सांगतो, कारण शिक्षकांना वाटतं आपल्याकडं द्यायला काय आहे. लई आहे. अपूर्णांकाचंच बघा. पुस्तकात "एक पूर्णांक एक छेद दोन" असतं अन् पोरगं घाबरतं. त्याच पोराला घरी चार वर्षाचं असल्यापासून दीड, अडीच, सव्वा, पाऊण, पावणेदोन हे शब्द येतात. मोंढ्यावर बापासोबत गेलेलं पोरगं पावणेदोन क्विंटल म्हणजे किती ते सांगतं. ताई शहरातल्या, त्यांना पावकी-निमकी, म्हणजे पावाचे-अर्ध्याचे पाढे, माहीत नव्हती. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याला बोलावलं, त्यांनी निमकी, पाऊणकी, दिडकी धडाधड म्हणून दाखवली अन् ताईंनी वही काढून लिहून घेतली. एखाद्या भाषेत दीड-अडीचला स्वतंत्र शब्द असणं हे केवढं भांडवल, अन् आपण वर्गात ते दाराबाहेर काढायला लावतो चपलेसारखं.

तरी अपूर्णांकात आम्ही सपशेल आपटलो, ते पण सांगितलं पाहिजे. भाकरीवरून अर्धा-पाव शिकवायचं ठरवलं, म्हणलं पिझ्झा कोणी बघितलाय इथं. तर एका पोरीनं भाकरीचे दोन तुकडे केले अन् म्हणली हे मोठं अर्धं दादाचं, हे लहान अर्धं माझं. तिच्या घरात अर्ध्याचा अर्थ तोच. समान भाग ही गोष्ट भाकरीत येतच नाही, ती येते कागदाच्या घडीत, दोरीत, मापात. दोन महिने गेले आमचे त्यात.

ऊसतोडीचा विषय काढल्याशिवाय आमच्या भागातलं कुठलंच उत्तर पूर्ण होत नाही. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापासोबत कारखान्याला, तो परत येतो उन्हाळ्याच्या तोंडाला. सहावीतलं एक पोरगं होतं, परत आलं की आम्ही त्याला "मागं पडलेला" म्हणून पुढच्या बाकावर बसवायचो. १.५ × ३०० त्याला जमेना. ताईंनी सहज विचारलं, टनाला तीनशे मिळाले तर दीड टनाचे किती? "साडेचारशे," क्षणात. कसं? "तीनशे अन् तीनशेचं अर्धं." उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, किती, त्यातून किती फिटली, मुकादमाकडं किती राहिली, हा हिशोब तो आईसाठी ठेवायचा. आम्ही त्याला बेरजेची वर्कशीट देत होतो.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात असंच दिसलं होतं, १९८५ चं संशोधन आहे, रस्त्यावर विकणारी ९ ते १५ वयाची पाच मुलं. बाजारात विचारलेल्या हिशोबांत ९८ टक्के उत्तरं बरोबर, तेच आकडे कागदावर नुसते मांडून दिले तर ३७ टक्क्यांच्या आसपास. त्यातला एक प्रसंग मला पाठच झालाय. नारळ ३५ ला एक, चार नारळ किती? पोरगं बाजारात म्हणतं तिनाचे १०५, त्यात ३०, १३५, मग १४०. तोच ३५ × ४ कागदावर दिला तर म्हणतं चार पाचे वीस, हातचे दोन, दोन अन् तीन पाच, पाच चोक वीस, उत्तर २००. हातचा आधी मिळवला अन् मग गुणलं! ही चूक मी माझ्या वर्गात शेकडो वेळा बघितली असेल. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, त्यांच्या लोकांनी धारावीतल्या कामधंदा करणाऱ्या पोरांच्या गणितावर काम केलंय. ऊसतोडीच्या पोरांवर असं काम तुमच्या-माझ्यासारख्यांशिवाय होणारच नाही, कारण ती पोरं कधी जातात, कधी येतात, कोणत्या कारखान्याला जातात हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.

तुम्ही अजून एक विचारलं होतं की ह्या नादात पाढे मागं पडतील, पालक बोलतील, निकाल घसरेल. ह्यावर पण बघितलं गेलंय. विस्कॉन्सिनमध्येच १९८० च्या दशकात पहिलीचे ४० शिक्षक घेतले, त्यातल्या निम्म्यांसोबत उन्हाळ्यात चार आठवडे बसून एकच काम केलं, मुलं शाब्दिक उदाहरणं स्वतःच्या डोक्यानं कशी सोडवतात ते समजून घ्यायचं. तयार पाठ टाचण कोणालाच दिलं नाही, तुमचा वर्ग तुम्ही ठरवा म्हणले. त्या शिक्षकांनी पुढं वर्षभर घोकंपट्टी कमी केली, उदाहरणं सोडवायला अन् मुलांचं ऐकायला जास्त वेळ दिला, तरी बेरीज-वजाबाकीची पाठांतराची तथ्यं त्यांच्या मुलांना कमी आली नाहीत, उलट चांगली आली. माझा अनुभव पण तोच, फक्त पहिले चार-पाच महिने काहीच फरक दिसत नाही, तेवढी कळ सोसावी लागते, अन् त्याच काळात साहेब भेटीला येतात!

आता अटी. पहिली अन् सगळ्यात मोठी, प्रश्न कोणाचा? त्यांनी विषय आधीच ठरवून आणला असेल अन् तुमचा वर्ग नुसता सॅम्पल असेल तर हात जोडून नाही म्हणा. तुमच्या वर्गात तुम्हाला छळणारी एक गोष्ट सांगा, भागाकार असेल, एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणारी पोरं असतील, काही पण, अन् बघा ते त्यांच्या वहीत लिहून घेतात का. दुसरी, त्यांनी निदान एक तास तरी स्वतः शिकवावा, तुमच्या त्याच दोन इयत्तांच्या वर्गात, खिचडीच्या वेळेच्या आधीचा. आमच्या ताईंनी शिकवला, वर्ग पार हातातून गेला, अन् त्या दिवसापासून आमचं बोलणं मोकळं झालं. अमेरिकेतल्या डेबोरा बॉल ह्या गणित शिक्षणातल्या मोठ्या नावाच्या बाई, त्यासुद्धा संशोधन करता करता तिसरीच्या वर्गाला रोज गणित शिकवत होत्या, तेव्हा ही काही जगावेगळी मागणी नाही.

व्हिडिओ काढणार असतील तर पालकांची परवानगी, मुलांची नावं बदलणार का, अन् तो व्हिडिओ साहेबांना दाखवणार नाही हे लेखी. शेवटच्याची थट्टा वाटेल पण घ्याच. लिहिणार त्यात तुमचं नाव असणार का हे पहिल्याच दिवशी विचारा, नंतर विचारायला संकोच वाटतो. अन् तुमचे तास मोजले जातायत का ते केंद्रप्रमुखांना विचारा, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाचं म्हणलंय, मग वह्यांवर बसून केलेली चर्चा त्यात का धरू नये. एकट्यानं मात्र करू नका. निदान तीन शाळा असाव्यात, कारण बदल्या होतात. आमचा गट चौघांचा होता, ऑनलाइन बदल्यांत दोघं गेले अन् तिसऱ्या वर्षी मी अन् ताई असे दोघंच सतरंजीवर, वह्या पण एकाच शाळेच्या. मग मजा गेली.

निवडणुकीचं काम, पोर्टलवरची माहिती, हे काही थांबणार नाही, महिन्यात दोनदा ठरलं तर एकदाच होईल, तेवढं धरून चाला.

पहिल्या बैठकीला जाताना प्रगतीपत्रकं, तक्ते असलं काही नेऊ नका. पोरांच्या वह्या न्या, पण कव्हर घातलेल्या नको, त्यात सगळं फळ्यावरून उतरवलेलं असतं, बरोबरच असतं. दप्तराच्या तळाला असतात ना, कोपरे दुमडलेल्या, मागच्या पानावर क्रिकेटचा स्कोर लिहिलेल्या, त्या रफ वह्या न्या.